३४० फोटो आणि १९ इंचांचा कट्टा

काकूंनी पर्समधून फोन काढला, टेबलावर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "मॅडम, यात सगळं आहे. आम्हाला असं घर हवंय." फोनमध्ये ३४० फोटो होते. दोन वर्षं, रोज रात्री झोपण्याआधी एकेक करून जमवलेले. काका शेजारी शांत बसले होते. त्यांच्या हातात एक वही होती आणि वहीत फक्त आकडे होते.

मी साताऱ्यात घरांच्या रचनेची आणि बांधणीची कामं करते. फोटो घेऊन येणारी माणसं मला मनापासून आवडतात. ज्यांनी दुसऱ्यांची घरं डोळे भरून पाहिली आहेत त्यांना घराची ओढ असते, आणि ओढच नसलेल्या माणसाचं घर बांधणं फार अवघड जातं. पण फोटोतलं ऊन किती वाजताचं ते कळत नाही. वारा कुठून येतो ते कळत नाही. त्या सुंदर पायरीवर बसलं की आपले गुडघे कुठे येतात, तेही कळत नाही. या ३४० फोटोंपासून आम्ही बांधलेल्या घरापर्यंत कसे पोचलो, वाटेत काय पाहिलं, काय मोजलं आणि माझं कुठे चुकलं, ते इथे सविस्तर लिहिते.

जागा

प्लॉट साधारण ३ गुंठ्यांचा. पूर्वेला रस्ता, त्या बाजूने लांबी ७४ फूट, आत खोली ४४ फूट. रस्ता दक्षिणोत्तर जातो आणि दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं की रस्त्याच्या टोकावर अजिंक्यतारा किल्ला दिसतो. पश्चिमेला शेजाऱ्याची भिंत, तिच्यावरून यवतेश्वराचा डोंगर. प्लॉटवर झाड एकही नाही. बिनशेती करताना सगळं सपाट केलेलं.

काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, काकू प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मुलगा-सून पुण्याला, एक नात. काकूंचे गुडघे दुखतात. बजेट काकांनी वहीत शेवटच्या रुपयापर्यंत मांडलेलं होतं आणि ते वाढणार नाही हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. मला हे बरं वाटतं. आकडा पक्का असला की बोलणं खरं होतं.

फोटोंच्या मागे काय लिहिलं

फोटोंमध्ये सगळी दुनिया होती. ग्रीसमधल्या बेटांवरची पांढरीशुभ्र घरं, बालीतले निळे तलाव, केरळातल्या लाकडी ओसऱ्या, इंग्लंडमधल्या गुलाबांच्या कमानी, जमिनीपासून छतापर्यंत काच लावलेले बंगले, आणि मखमलीसारखी हिरवळ, पानोपानी हिरवळ.

यातली बरीचशी सुंदरता त्या त्या मातीत आणि हवेत रुजलेली असते. ग्रीक बेटांवरचा उन्हाळा कोरडा. पांढरा चुना तिथे ऊन परतवून लावतो आणि वर्षभर पांढरा राहतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस, आणि उघड्या पांढऱ्या भिंतीवर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत शेवाळाचे काळे ओघळ उतरतात. हे मी काकूंना सांगू शकले असते. त्या हिरमुसल्या असत्या आणि पुढच्या आठवड्यात आणखी चाळीस फोटो घेऊन आल्या असत्या.

म्हणून मी एक काम दिलं. "काकू, यातले फक्त २४ निवडा. फोटो स्टुडिओतून कागदावर काढून आणा. प्रत्येकाच्या मागे पेनानं तीन गोष्टी लिहा. मी इथे कुठे बसले आहे, किती वाजले आहेत, आणि मी काय करते आहे."

पंधरा दिवसांनी गठ्ठा आला. काकूंचं शाळेतलं वळणदार अक्षर. ग्रीसच्या घरामागे लिहिलं होतं: "पायरीवर. संध्याकाळी ६. मटार सोलतेय, जाणारी-येणारी दिसताहेत." बालीच्या तलावामागे: "काठावर. दुपारी ३. पाय पाण्यात, नात पोहतेय, मी सावलीत." केरळच्या ओसरीमागे: "खांबाला टेकून. पाऊस पडतोय. काहीच करत नाही." काचेचा बंगला काकांनी निवडला होता. त्यामागे त्यांचं बारीक अक्षर: "आरामखुर्ची. सूर्यास्त. चहा."

२४ पैकी १९ फोटोंत काकू घराच्या आतही नव्हत्या आणि बाहेरही नव्हत्या. पायरी, कट्टा, ओसरी, खिडकीतली बैठक. सगळीकडे त्या कडेला बसल्या होत्या. एकाही फोटोमागे "हॉलमध्ये सोफ्यावर" असं नव्हतं, आणि हिरवळीवर त्या एकदाही बसल्या नव्हत्या. ते गठ्ठे मी टेबलावर पसरून दाखवले तेव्हा काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आमच्या माहेरचा सोपा आहे."

त्या दिवसापासून मी 'मॅडम'ची 'अगं' झाले.

माहेरचा वाडा, टेप घेऊन

कोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या माहेरी आम्ही एका रविवारी गेलो. वाडा अर्धा पडलेला. भाऊबंदकीत वाटण्या झालेल्या, मागच्या बाजूला एका चुलतभावानं स्लॅबचं घर बांधलेलं. पण पुढचा सोपा, म्हणजे दारापुढची ओसरी, आणि एक चौक, म्हणजे घराच्या मधलं उघडं अंगण, शाबूत होतं. सागवानी खांब, खाली दगडी तळखडे, वर कडीपाट, भिंतीत दिव्याच्या देवळ्या.

काकू आत शिरल्या त्या थेट सोप्याच्या कडेला जाऊन बसल्या. मी टेप काढला. अंगणापासून सोप्याची उंची २० इंच. काकू म्हणाल्या, "लहानपणी माझे पाय लोंबकळायचे. आई ओरडायची, पाय हलवू नकोस." मी त्यांना उठायला सांगितलं. उठल्या, गुडघ्यावर हात न ठेवता. मग शेजारच्या नव्या घराच्या ओट्यावर बसवलं. तो १४ इंच होता. तिथून उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि "आई गं" म्हणाल्या.

बैठक थोडी उंच असली की गुडघा कमी वाकतो आणि उठताना मांडीवर जोर कमी येतो. कागदावर हे कुणालाही ठाऊक असतं. पण मुलीचे पाय लोंबकळणारी उंची तिच्या म्हातारपणी तिला सोयीची होते, हे त्या सोप्यावर बसल्याशिवाय मला सुचलं नसतं. आम्ही १९ इंच ठरवली.

सोप्याची खोली ७ फूट. चौकाची फरशी सभोवतालच्या पडवीपेक्षा दीड फूट खाली. हाही आकडा मी वहीत लिहून घेतला. पुढे त्याचं काय केलं ते सांगणार आहे.

मेणवली

वाईपासून जवळच, कृष्णाकाठी, मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. पेशवाईतला, सहा चौकांचा, भिंतींवर जुनी चित्रं असलेला. त्याला लागून नदीवर उतरणारा दगडी घाट, आणि घाटावर ती मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तिथून ती आल्याचं सांगतात. बहुतेक माणसं तिथे घाटावर फोटो काढतात आणि परततात. मी काका-काकूंना एप्रिलमध्ये, मुद्दाम दुपारी दोन वाजता घेऊन गेले.

बाहेर घाटाचा दगड चपलेतून भाजत होता. दारातून आत आलो, पहिल्या चौकाच्या कडेला उभे राहिलो आणि काकांनी टोपी काढली. कोणी काही बोललं नाही, पण तिघांचाही आवाज आपोआप खाली आला. जाड भिंती रात्रीचा गारवा धरून ठेवतात, चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी सावलीतली हवा सरकत येते. पुस्तकात एका आकृतीत संपणारी गोष्ट. काका मात्र हात पसरून हवा कुठून येते ते तपासत होते. एका उंबरठ्यावर थांबून म्हणाले, "इथून येतेय. इथे माझी खुर्ची."

मग त्यांनी विचारलं, "आपल्या प्लॉटमध्ये चौक बसेल?" बसेल, पण सहा चौकांच्या वाड्यातला चौक आणि ४४ फुटांच्या प्लॉटमधला चौक यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि तो उन्हाचा आहे.

हा हिशेब मला थोडा तपशिलात मांडायचा आहे, कारण चौक हौसेनं ठेवून मग तो अंधारा, ओला आणि बुरशीचा झालेली घरं मी पाहिली आहेत. साताऱ्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४९ अंश वर असतो. चौकाच्या दक्षिणेची भिंत ११ फूट उंच असेल तर तिची सावली साडेनऊ फुटांपर्यंत जाते. माझ्या पहिल्या नकाशात चौक दक्षिणोत्तर १० फूट होता. म्हणजे थंडीत फरशीवर ऊन जवळपास नाहीच. आणि काका दक्षिणेला वर मुलासाठी खोली काढायची म्हणत होते. भिंत २१ फूट झाली की ऊन उत्तरेच्या भिंतीच्या वरच्या भागावरच अडकणार, खाली तुळस पिवळी पडणार.

चौक मी फिरवला. पूर्व-पश्चिम ९ फूट, दक्षिणोत्तर १४. मुलाची खोली उत्तरेला वर नेली, दक्षिणेची बाजू एकमजली ठेवली. आता हिवाळ्यात भर दुपारी चौकाच्या उत्तरेला चार-साडेचार फूट उन्हाचा पट्टा पडतो. तुळस तिथे. उडीद-मुगाचे पापड तिथे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो तेव्हा सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि चौकाची संपूर्ण फरशी उजळते. काकूंची नात त्या दिवशी चौकात बाटली उभी करून सावली शोधत बसते.

चांदोर आणि गोव्याच्या खिडक्या

नात्यातल्या लग्नाला काका-काकू गोव्याला जाणार होते. मी म्हटलं, एक दिवस जास्त राहा आणि चांदोरला मिनेझिस ब्रागांझांचं घर बघून या, आणि जाता-येता गावांमधली साधी घरंही. चांदोरचं घर म्हणजे चर्चसमोरच्या मोकळ्या जागेवर लांबच लांब पसरलेली, खिडक्यांची रांगच रांग असलेली हवेली, आत नाचघर, झुंबरं, पिढ्यान्‌पिढ्यांचं लाकडी सामान. कुटुंबाच्या दोन शाखांकडे दोन भाग आहेत.

रात्री काकूंचा आवाजी निरोप आला. "घर फार सुंदर आहे गं. डोळ्यांचं पारणं फिटलं. पण मला तिथे बसावंसं कुठे वाटलं नाही. बसावंसं वाटलं ते वाटेतल्या एका छोट्या घरापुढे." मग त्यांनी फोटो पाठवला, बाल्कांवाचा, म्हणजे गोव्यातल्या घरापुढच्या छपराखालच्या बैठकीचा. चार पायऱ्या, वर कौलांचं छोटं छप्पर, दोन बाजूंना बांधून काढलेले सोपो, म्हणजे बसायचे कट्टे. एका कट्ट्यावर म्हातारी बाई बसलेली, रस्त्यावरून जाणाऱ्या पाववाल्याशी बोलत होती.

भव्य घर पाहून आलेला माणूस एवढ्याशा जागेचा फोटो पाठवतो, तेव्हा त्याला आपलं काय ते उमगलेलं असतं. आमच्या घराचा पूर्वेचा भाग तिथेच ठरला. रस्त्याला लागून ६ फूट खोल ओसरी, दोन टोकांना बांधलेले १९ इंचांचे कट्टे. तोंड पूर्वेला असल्यामुळे दुपारनंतर ती पूर्ण सावलीत असते, म्हणजे संध्याकाळी सहाला मटार सोलायला बसता येतं. फोटोच्या मागे वेळ लिहायला लावली होती ती यासाठीच.

काकांनी गोव्याहून दुसरी गोष्ट आणली. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपट्या शिंपल्यांचे तुकडे लावलेले असतात, लाकडी पट्ट्यांत एकावर एक सरकवून. उजेड आत येतो, डोळ्यांवर तिरीप येत नाही. पश्चिमेला काचेची भिंत हवी म्हणून काका सहा महिने हटून बसले होते. एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन आडवं होत जातं. त्याला छज्जा अडवू शकत नाही, काच तर मुळीच नाही, आणि तापलेली खोली रात्री अकरापर्यंत थंड होत नाही. हे मी किती वेळा सांगितलं असेल! त्या शिंपल्याच्या खिडकीसमोर दुपारी उभं राहून ते त्यांना एका मिनिटात पटलं. आल्यावर म्हणाले, "उजेड पाहिजे होता मला. ऊन नको होतं. मला दोन्ही एकच वाटत होतं."

शिंपले आणायचा प्रश्न नव्हता. त्या प्राण्याला आता वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आमच्या सुतारानं जुन्या सागाच्या पट्ट्यांत दुधी काचेचे हातभर लांब तुकडे बसवून जिन्याची खिडकी केली. पश्चिमेला आम्ही जिना, न्हाणीघर आणि कोठीची खोली नेली, म्हणजे तापायचं ते त्यांनी तापावं. भिंतीपासून हातभर अंतरावर तारेची जाळी ताणून तिच्यावर मधुमालती चढवली. काकांचा सूर्यास्त गच्चीवर गेला. टाकीच्या आडोशाला एक सिमेंटचा बाक आहे, समोर यवतेश्वर. चहा वर न्यावा लागतो, पण ते नेतात.

उसना डोंगर

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, लोक त्याला ओकायामा गार्डनच म्हणतात. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेवरून ते बेतलेलं आहे. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली आणि जपानच्या तीन थोर बागांत तिची गणना होते. काकूंना तिथे मी हिरवळीसाठी नेलं. हिरवळ त्यांच्या मनातून अजून गेली नव्हती.

तिथल्या हिरवळीवर पाय ठेवायला बंदी आहे. काकू वाटेनं चालत राहिल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "वाट सारखी वळतेय, त्यामुळे बाग मोठी वाटतेय का गं?" अगदी तेच. अशा बागेत चालणाऱ्याला सगळं एकदम दाखवत नाहीत. झुडुपाच्या आडून पाणी, पाण्याच्या वळणावर पूल, पुलावरून मग लांबचं दृश्य. आमच्या दक्षिणेला नियमानं सोडलेली ५ फुटांची पट्टी होती. बहुतेक घरांत तिथे पेव्हर ब्लॉक टाकतात, मग तिथे मोडका कूलर आणि रंगाचे रिकामे डबे येऊन बसतात. आम्ही शहाबादी फरशीचे तुकडे टाकून वाट केली आणि दोन ठिकाणी ती दीड-दीड फूट सरकवली, एकदा अनंताच्या झुडुपासाठी, एकदा कढीपत्त्यासाठी. पट्टीचं दुसरं टोक आता कुठूनच दिसत नाही. नात तिला 'जंगल' म्हणते.

हिरवळीचा हिशेब काकांनीच केला. ६०० चौरस फूट हिरवळीला वैशाखात रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं तर २८० लिटर होतं. नळाला पाणी सकाळी तासभर. काकूंनी वही वाचली आणि गठ्ठ्यातले हिरवळीचे फोटो बाजूला काढून ठेवले. फाडले नाहीत. त्या जागी एक प्राजक्त, एक सोनचाफा, मधे माती आणि तिच्यावर सकाळी सडा.

जपानी बागांमध्ये बाहेरचं दृश्य बागेत ओढून घ्यायची जुनी रीत आहे. कोराकुएनमधून ओकायामाचा किल्ला दिसतो आणि तो जणू बागेचाच भाग होऊन बसतो. मला या ठिकाणी नेहमी श्रीलंकेतलं लुनुगंगा आठवतं. वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांनी १९४८ साली बेंटोटाजवळ तळ्याकाठची रबराची एक इस्टेट घेतली. मनात इटलीतल्या बागा होत्या. पुढची पन्नास वर्षं ते तिथे झाडं काढत, लावत, चढउतार बदलत राहिले. घरासमोरच्या टेकडीचा माथा खाली घेतला, तेव्हा पलीकडचा बौद्ध स्तूप दिसू लागला, आणि नजर तिथवर पोचावी म्हणून वाटेत झाडाखाली एक मोठा रांजण ठेवला. इटलीच्या ओढीनं सुरू झालेली ती बाग शेवटी सिंहलद्वीपाचीच झाली. माझ्या मते बाग पाहून बाग सुचते ती अशी.

आमच्याकडे अजिंक्यतारा होता, फुकट. पण दक्षिणेच्या प्लॉटवर उद्या तीन मजले उठले की खिडकीतला किल्ला गेला. साताऱ्यात मी हे कित्येकदा पाहिलं आहे. माणसं लाखभर रुपयांची खिडकी घेतात आणि दोन वर्षांत तिच्यासमोर शेजाऱ्याचं न्हाणीघर येतं. म्हणून किल्ल्यासाठी खिडकी केलीच नाही. ओसरीच्या उत्तर टोकाचा कट्टा असा बसवला की त्यावर बसलेल्या माणसाची नजर ओसरीच्या मोकळ्या दक्षिण टोकातून, रस्त्याच्या वरून, सरळ किल्ल्यावर जाते. रस्त्यावर कोणी इमला बांधणार नाही. दक्षिण टोकाला एकच खांब होता, तो सेंट्रिंग लागायच्या आदल्या दिवशी मी दीड फूट पूर्वेला सरकवला. ठेकेदार वैतागला होता. काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, "दिसतोय का? आता?" असं विचारत आम्ही जागा पक्की केली.

माझी चूक

माहेरच्या वाड्यात चौक पडवीपेक्षा दीड फूट खाली होता हे मी मोजलं होतं, लिहिलं होतं. घर बांधताना मी तो फक्त ४ इंच खाली ठेवला. कारण काकूंचे गुडघे. घराच्या मध्यावर दीड फुटाचा खड्डा, रात्री-अपरात्री पाय चुकला तर, असा विचार केला. विचार चुकीचा नव्हता, अर्धा होता.

पहिल्या जुलैत काकूंचा फोन आला. "ये आणि बघ." गेले. चारी बाजूंच्या उतरत्या कौलांवरून पागोळ्या चौकात पडत होत्या, काकूंना हव्या होत्या तशाच, खांबाला टेकून पाहाव्यात अशा. पण गुळगुळीत कोटा फरशीवर आपटून पाणी फुटभर उडत होतं आणि माजघराच्या दारापर्यंत तुषार येत होते. पायपुसणी चिंब. काकूंनी दारात जुनी चादर गुंडाळून ठेवली होती. मला फार वाईट वाटलं. निसरड्या फरशीवर त्यांचा पाय घसरला असता तर ज्या भीतीनं मी चौक वर घेतला तीच खरी ठरली असती.

जुन्या वाड्यात तो दीड फूट पाण्याचे तुषार खालीच ठेवण्यासाठी होता. मी उंची बदलली, पण ती उंची कोणतं काम करत होती ते विचारलं नाही.

उपाय असा केला. पागोळ्या जिथे पडतात तिथली फरशी चारी बाजूंनी १५ इंच रुंदीत काढली, ९ इंच खोल चर केला, तळाला भोकं पाडलेला पाइप टाकून तो बाहेरच्या शोषखड्ड्याला जोडला आणि चर नदीतल्या गोल गोट्यांनी भरला. जपानी घरांत पागोळ्यांखाली असा गोट्यांचा पट्टा असतो. थेंब गोट्यांमधल्या फटींत फुटतो आणि तिथेच जिरतो. पूर्वेच्या पडवीला वाऱ्याच्या दिवसांसाठी बांबूच्या चिकेचा पडदा लावला. पन्हळ लावून पाणी एका कोपऱ्यात नेणं स्वस्त पडलं असतं, पण मग पागोळ्या गेल्या असत्या, आणि केरळच्या त्या फोटोमागे काकूंनी "पाऊस पडतोय, काहीच करत नाही" असं लिहिलं होतं. त्या कामाची मजुरी मी माझ्याकडे घेतली. तुषार पूर्ण थांबले नाहीत. मोठ्या वाऱ्यात अजून दोन फूट येतात. आता त्या दोन फुटांत खरबरीत शहाबादी आहे.

चौकावर वरून लोखंडी जाळी आहे, माकडांसाठी. ती मला अजूनही आवडत नाही. उन्हाबरोबर तिच्या चौकटींची सावली फरशीवर पडते. दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

दोन वर्षांनी

घर बांधून दोन वर्षं झाली. प्राजक्त ओसरीच्या कौलाला टेकला आहे आणि सकाळी दक्षिण टोकाचा कट्टा फुलांनी भरतो, म्हणून काकू उत्तरेच्या कट्ट्यावर बसतात. किल्ला तिथूनच दिसतो. दक्षिणेच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम सुरू झालं आहे. काकांनी मला फोन करून विचारलं, किल्ला जाईल का? मी म्हटलं, कट्ट्यावरून नाही. मधल्या खोलीच्या खिडकीतून थोडा दिसायचा तो जाईल.

फोनमधले फोटो काकूंनी पुसलेले नाहीत. ते आता ४०० च्या वर आहेत. त्यांच्या मागे काही लिहिता येत नाही म्हणून त्या फोटोखाली टाइप करतात: कुठे, किती वाजता, काय करतेय.

परवा मी मधुमालतीची जाळी बघायला गेले होते. समोरच्या बंगल्यातली तरुण सून सुतारकामाचा टेप घेऊन ओसरीत वाकली होती, आणि काकू कट्ट्यावरून न उठता तिला सांगत होत्या, "मोजून घे, पण आधी तुझ्या सासूबाईंना इथे बसवून उठव. मग आकडा लिही."